गुरलिंगप्पांचा थेंब

गुरलिंगप्पांचा अख्ख्या जगात एकावरच राग होता, आणि तो म्हणजे बेसोफिल.

बेसोफिल ही रक्तातली एक पांढरी पेशी. शंभर पांढऱ्या पेशी मोजल्या तर त्यात एखादा बेसोफिल सापडतो, बऱ्याचदा तोही नाही. पण पोरांच्या वहीत त्याचा रकाना ठेवावाच लागतो. अप्पा मायक्रोस्कोपला डोळा लावून त्याला शोधायचे आणि पुटपुटायचे, "आमदार हाय ह्यो. यादीत नाव हाय, गावात दिसत न्हाय." एकदा खरंच एक दिसला. अप्पांनी सगळ्या बॅचला हाका मारून गोळा केलं, आणि आम्ही जमेपर्यंत कुणाचा तरी धक्का लागून काच सरकली. पुन्हा काही तो सापडला नाही. अप्पा संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. आपण सगळे त्याला दिसलो म्हणूनच तो निघून गेला, असं त्यांचं मत पडलं.

अप्पा आमच्या मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजीच्या लॅबमध्ये अटेंडंट होते. कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. कॉलेज चांगलं आहे, मी तिथं शिकलो हे बाहेर फुटलं तर उगीच त्याचं नाव खराब व्हायचं. अप्पा मूळचे कानडी सीमेजवळच्या मुरुमचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, शर्टाच्या खिशात कायम कापसाचा बोळा, आणि मराठी बोलता बोलता मधेच कानडी. काचपट्टीवर काही चांगलं दिसलं की "नोडरी, नोडरी" म्हणायचे, म्हणजे बघा, बघा. स्वतः दहावी नापास असल्याचं ते कुणी न विचारताही सांगायचे. पण आम्हाला पहिल्या दिवसापासून 'डॉक्टर' म्हणायचे आणि 'तुमी' म्हणायचे. ज्या दिवशी मला लॅबचा दरवाजा सापडत नव्हता आणि मी चुकून भांडारखोलीत जाऊन उभा होतो, त्या दिवशीही ते अदबीनं म्हणाले होते, "डॉक्टर, हितं झाडू ठिवत्यात. लॅब तिकडं हाय."

रक्ताची सगळी भानगड अप्पांनी एका गावात बसवली होती. तांबड्या पेशी म्हणजे हमाल. प्राणवायूचं ओझं जास्त मावावं म्हणून बिचाऱ्यांनी पोटातलं केंद्रकसुद्धा टाकून दिलं. न्यूट्रोफिल म्हणजे भांडण झालं की पहिल्यांदा पळत जाणारी आणि पहिल्यांदा मरणारी तरणी पोरं. लिम्फोसाइट सासूसारखा, दहा वर्षांपूर्वी कोण घरात घुसलं होतं ते याला अजून आठवतं. ईओसिनोफिल गुलाबी पोशाख करून येतो, पण येतो ते पोटात जंत झाल्यावर. आणि प्लेटलेट म्हणजे गल्लीतल्या बाया. कुठं फुटलं, कुठं मोडलं की पदर खोचून आधी त्या जमणार, भोकावर बसून रक्त अडवणार, आणि सगळं आवरत आल्यावर फायब्रिन जाळं घेऊन येणार, सरकारी माणूस येतो तसा.

रक्त गोठण्याची साखळी मी आजही अप्पांच्याच हिशोबानं म्हणतो. "दोन वाटा हायत. लांबची वाट बारा, अकरा, नऊ, मग आठाला संगं घेऊन दहा. जवळची वाट सातावरनं थेट दहा. दहाला दोन्ही मिळत्यात, येरमाळ्याच्या फाट्यावर मिळत्यात तशा. तिथनं म्होरं एकच रस्ता." सहावा नंबर कुठं गेला, असं एका पोरीनं विचारलं तर म्हणाले, सहावा न्हाईच, पुस्तकवाल्यांनी नंबर दिला आन् मागनं काढून घेतला. पुस्तकात बघितलं तर खरंच सहावा नव्हता.

आता माझी कीर्ती सांगतो. मी ढोकीचा. वडील, म्हणजे अण्णा, साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला. माझा मेडिकलला नंबर लागला तेव्हा चुलत्यांनी फाट्यावर फ्लेक्स लावला, 'आपल्या गावचे भावी डॉक्टर'. त्यावर शुभेच्छा देणाऱ्या चौदा जणांचे फोटो माझ्यापेक्षा मोठे होते. मी कोपऱ्यात, गळ्यात मागून आणलेला स्टेथोस्कोप, आणि चेहरा असा की यालाच दवाखान्यात न्यावं. पुढं तो फ्लेक्स आमच्या कडब्याच्या गंजीवर गेला. पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. चुलती मला 'डॉक्टर' म्हणून हाक मारायला लागली होती.

आणि ह्या भावी डॉक्टरला रक्त बघितलं की चक्कर यायची.

थोडी नाही, चांगली आडवं करणारी. पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला स्वतःच्या बोटाला सुई टोचून रक्त काढावं लागतं. पहिल्या वेळी मी सुई हातात घेतली आणि हिमोग्लोबिनच्या नळ्यांवर पडलो. तीन नळ्या फुटल्या. दुसऱ्या वेळी शेजारची मुलगी टोचत होती, तिच्यावर पडलो. तिनं जागा बदलून घेतली. तिसऱ्या वेळी मी डोळे मिटून माझ्या जोडीदाराचं बोट टोचलं, ते नखावर लागलं. त्यानंतर मला कुणी बोट देईना. बॅचनं माझं नाव 'आडवा डॉक्टर' ठेवलं आणि ते वॉर्डबॉयपर्यंत पोचलं. वर्षाअखेरीच्या परीक्षेत बोटाला टोचून रक्ताचा एक प्रयोग करून दाखवायचाच असतो. तो नाही जमला तर नापास, आणि नापास म्हणजे ढोकीला जाऊन चुलतीला तोंड दाखवणं.

मी लॅबच्या मागच्या बाकावर डोकं धरून बसलो होतो. अप्पा आले, समोर स्टूल ओढून बसले आणि डाव्या हाताची अनामिका पुढं केली.

"डॉक्टर, माझं घ्या," ते म्हणाले. "ह्याला सवय हाय."

मग कळलं की दर वर्षीची घाबरट पोरं याच बोटावर शिकत होती. आम्हाला फिजिऑलॉजी शिकवणाऱ्या मॅडमना ठाऊक होतं, पण त्या नेमक्या तेव्हाच खिडकीबाहेर बघायच्या. अप्पा त्या बोटाला रोज झोपताना खोबरेल लावायचे, त्यात अंगठी घालायचे नाहीत, की त्यानं मिरचीला हात लावायचे नाहीत. मी टोचत असताना ते बोलत राहायचे. थेंबाकडं बघू नका, माझ्याकडं बघा, बेसोफिलाचं काय झालं ऐका, आता बघा थेंबाकडं. तेवढ्या गप्पांत माझी चक्कर यायची राहून जायची. टोचून झालं की मी कापूस लावून त्यांचं बोट दाबून धरायचो. "दाबून धरा, घाई करू नका," म्हणायचे. त्या वर्षी आमच्या बॅचमधले असे अकरा जण अप्पांच्या बोटावर जगत होते.

बाकी अप्पांची आम्हाला काही माहिती नव्हती. कॉलेजच्या मागं एका खोलीत राहायचे. डबा कधी आणायचे नाहीत. दुपारी कँटीनच्या चहात टोस्ट बुडवून खाताना दिसायचे, संध्याकाळीही तेच. आम्ही त्यावरही विनोद करायचो, अप्पांच्या अंगात रक्त नाही, चहा आहे. भावी डॉक्टरांची बुद्धी ही अशी.

परीक्षेला महिना राहिला असताना ब्लीडिंग टाइमचा सराव आला. बोटाला टोचायचं, घड्याळ लावायचं, आणि दर तीस सेकंदांनी टिपकागदानं थेंब टिपायचा. पहिला डाग मोठा, दुसरा लहान, असं करत डाग उमटायचा थांबला की ती वेळ लिहायची. साधारण दोन ते पाच मिनिटं. मी अप्पांचं बोट टोचलं आणि टिपायला लागलो. पाच मिनिटं झाली तरी डाग लहान होईना. सहा झाली, सात झाली, टिपकागद भरला म्हणून मी दुसरा घेतला. आठव्या मिनिटाच्या पुढं कुठं तो थांबला.

माझ्या मनात काय आलं असेल? या माणसाला काही झालंय, असं नाही आलं. मनात आलं, आपण पुन्हा चुकलो. जास्त खोल टोचलं, नाहीतर टिपताना दाबलं, नाहीतर घड्याळ बिघडलं. अप्पाही म्हणाले, "तुमचं घड्याळ म्होरं पळतंय." तेव्हा मी मेडिकलच्या पोरांचा पिढीजात उपाय केला. मागच्या वर्षीच्या सीनियरचं जर्नल उघडलं आणि त्यातली वेळ उतरवली, तीन मिनिटं पंधरा सेकंद. मॅडमनी सही केली, आणि मला अगदी शास्त्रज्ञ झाल्यासारखं वाटलं.

पुढच्या आठवड्यात त्याच बोटाच्या थेंबाची काचपट्टी केली, रंगवली आणि मायक्रोस्कोपखाली पांढऱ्या पेशी मोजायला बसलो. न्यूट्रोफिलच्या केंद्रकाचे तुकडे असतात, दोरीला गाठी मारल्यासारखे. पुस्तकातल्या चित्रात तीन. माझ्या काचपट्टीवर सहा दिसत होते, एकात तर सात. तांबड्या पेशीही फुगलेल्या, काही लांबट. मी परत एकदा बघितलं. मग जर्नलात तीन गाठींचा न्यूट्रोफिल काढला, कारण पुस्तकात तीन होते आणि पुस्तक माझ्यापेक्षा हुशार होतं. चित्र मात्र सुरेख आलं, मॅडमनी शेजारी 'छान' असं लिहिलं.

त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी तोंडी परीक्षेचा सराव होता. मॅडमनी मला विचारलं, न्यूट्रोफिलला किती गाठी. मी म्हणालो, दोन ते पाच. पाचापेक्षा जास्त दिसल्या तर? मला आलं नाही. पूर्वी माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीला आलं, तीच, जिच्यावर मी पडलो होतो. ती घडाघडा बोलली. बी-बारा नाहीतर फोलिक ॲसिड कमी पडलं की असं होतं, पोटात धड अन्न जात नसलं की होतं. तांबड्या पेशी फुगतात आणि कमी होतात, जास्त झालं तर प्लेटलेटही घसरतात, मग रक्त लवकर थांबत नाही.

टोस्ट, चहा, दोन टिपकागद, सात गाठी, सगळं एकापाठोपाठ एक समोर आलं.

आता इथं मी ताडकन उठून मॅडमना सांगितलं असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी गप्प बसलो. परीक्षा सहा दिवसांवर होती. सांगितलं असतं तर अप्पांचं बोट त्याच मिनिटाला बंद झालं असतं, आणि माझं जर्नल खोटं निघालं असतं ते वेगळंच. मी मनाशी म्हणालो, परीक्षा झाली की सांगू. सहा दिवसांत काय होतंय? असं म्हणणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांवर आज मी खेकसतो.

दोन दिवस मी तसाच काढला. तिसऱ्या दिवशी अप्पा मायक्रोस्कोपची पेटी घेऊन जिना चढत होते आणि मधेच बसले. मी पेटी घ्यायला वाकलो, तर त्यांची बाही वर गेलेली. दंडावर हिरवे-निळे डाग, चार-पाच. कुठं धडकलात का, विचारलं. "कपाटाला लागलं असंल," म्हणाले. त्यांच्या ओठांना रंग नव्हता. हा माणूस पहिल्या दिवसापासून मला डॉक्टर म्हणत होता, आणि मी त्याचं बोट परीक्षेपुरतं जपत होतो. मला माझी फार लाज वाटली. मी पेटी जिन्यातच ठेवली आणि मॅडमच्या खोलीत गेलो.

"मॅडम, माझं जर्नल खोटं आहे," मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडम रागावल्या नाहीत, त्यानं मी जास्त घाबरलो. त्यांनी अप्पांच्या बोटावरच्या अकराही जणांची जर्नलं मागवली आणि टेबलावर एकाशेजारी एक उघडून ठेवली. ब्लीडिंग टाइम दोन पंचेचाळीस, तीन, तीन पंधरा, तीन पंधरा, तीन तीस. मग अकरा जणांना रांगेत उभं करून खरी वेळ विचारली. सात, नऊ, आठ. एक जण म्हणाला, मी पाचनंतर मोजलंच नाही. अकरा भावी डॉक्टरांनी महिनाभर त्या माणसाचं रक्त टिपलं होतं आणि प्रत्येकाला आपलं घड्याळ बिघडलंय असं वाटलं होतं. मॅडम एवढंच म्हणाल्या की सह्या तर माझ्या आहेत, आणि चष्मा काढून पुसत बसल्या.

अप्पांचं रक्त मशीनवर लावलं. हिमोग्लोबिन साडेपाच, आणि प्लेटलेट पाहिजेत त्याच्या चौथाईसुद्धा नाहीत. असं रक्त अंगात असताना डोक्यात नाहीतर पोटात कुठं आतल्या आत फुटलं असतं तर थांबवायला गल्लीत बायाच नव्हत्या. त्यांना तिथल्या तिथं भरती केलं. स्ट्रेचरवर झोपायला ते तयार होईनात. सगळ्या वर्षात पहिल्यांदा ते माझ्यावर चिडले. परीक्षेला चार दिस ऱ्हायल्यात, आता ह्या पोरांनी बोट कुणाचं घ्यायचं, असं मलाच विचारायला लागले.

परीक्षेत मी माझं बोट घेतलं. कुणी बोलायला नव्हतं, म्हणून मीच स्वतःशी बेसोफिलाला शिव्या देत राहिलो. थेंब टिपला, वेळ लिहिली, दोन मिनिटं पन्नास सेकंद, ही खरीखुरी, आणि मग आडवा झालो. बाहेरगावच्या परीक्षकांनी पाणी पाजलं. काठावर पास झालो. अजूनही इंटर्नशिपमध्ये रक्त घेताना मी भिंतीला पाठ टेकून उभा राहतो, पेशंटला वाटतं डॉक्टर ऐटीत आहेत.

निकाल सांगायला वॉर्डात गेलो तेव्हा अप्पांना भरती करून तीन आठवडे होऊन गेले होते. बी-बाराची इंजेक्शनं चालू होती, प्लेटलेट वर आल्या होत्या, ओठांना रंग आला होता. आम्ही अकरा जण पाळीनं डबा नेत होतो, भाकरी, वरण, दही. ते बसून जेवत होते. जेवण झाल्यावर मी विचारलं, कारण तीन आठवडे ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

"अप्पा, बावीस वर्षं तुम्ही थेंब बघताय. आठ मिनिटं रक्त थांबत नाही म्हणजे काय, हे तुम्हाला कळलं नव्हतं?"

"कळलं हुतं की," ते म्हणाले.

"मग बोलला का नाही?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"बोललो असतो तर मॅडमनी बोट बंद केलं असतं," ते म्हणाले. "बायकू, गंगव्वा, गेल्याला सहा वर्सं झाली, डॉक्टर. पोरबाळ न्हाय. एकट्यासाटी चूल कोण पेटवतंय? माणसं बोलत्यात, चा पाजत्यात, लई चांगली हायत. पर हात कोण धरतंय माणसाचा? तुमी पोरं तेवडी धरत हुता. दोन दोन मिन्टं, दाबून."

मी स्टूल पुढं ओढलं आणि त्यांचा डावा हात हातात घेतला. तो हात गार होता आणि वाटला होता त्यापेक्षा हलका होता.

अप्पांनी सवयीनं अनामिका सरळ केली आणि म्हणाले, "टोचा की."

"टोचायचं नाही, अप्पा," मी म्हणालो.

त्यांनी अनामिका मिटली. हात मात्र काढून घेतला नाही.